न शिजलेला ब्राउझर आणि शिष्यवृत्तीचा फारम



मागच्या वेळी रेशनकार्डात नाव चढवण्याबद्दल लिहिले होते. या वेळचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण म्हणून आयाबायांनी पान उलटू नये. गोष्ट तुमच्याच पोरीच्या शिष्यवृत्तीची आहे.

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. तिथे मुलांची अभ्यासिका चालते. काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून एक वापरलेला कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेतला. भंडाऱ्याला जायचे म्हणजे एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, वर सेंटरवाल्याचे पैसे, आणि सोबत आई किंवा बाप गेला तर त्याचा रोज बुडतो. त्यापेक्षा मुलांनी फारम इथेच भरावेत, हा साधा विचार होता. आणि तो बरोबरच होता. आजवर कितीतरी मुलामुलींचे अर्ज त्या खोलीतून गेले.

माझी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील नाहीत. आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, विड्या वळते आणि हंगामात रोवणीला जाते. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा शेवटचा दिवस होता. शेवटचा दिवस का उजाडू दिला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हातात पडला, हे त्याचे उत्तर. ज्यांच्या घरी दाखले कपाटात तयार असतात त्यांना हे समजायचे नाही.

संध्याकाळी सात वाजता पोरगी अभ्यासिकेत बसली. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक असे एकेक कागद चढवले. शेवटचे बटण दाबले आणि पान पांढरेफटक झाले. थोड्या वेळाने ब्राउझर आपोआप बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. आत जाऊन पाहते तर चढवलेले कागद गायब. असे तीनदा झाले. साडेनऊला तिचा मला फोन आला. "मामाजी, फारम काही केल्या जात नाही जी. पान पांढरं पडते. आता माझं वर्ष जाते का जी?" मागे तिच्या आईचा आवाज येत होता.

मी काही इंजिनिअर नाही. कारकुनी करता करता चाळिशीनंतर एमएस-सीआयटी केले, तेवढेच माझे ज्ञान. पण गेलो. पाहतो तर पडद्यावर नेहमीच्या ब्राउझरच्या जागी त्याच्यासारखेच पण वेगळ्या रंगाचे चिन्ह होते. अभ्यासिकेतल्या एका हुशार पोराने ते दीड महिन्यापूर्वी टाकले होते. मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काका, हे सगळ्यात नवीन वर्जन आहे. अजून लोकांना भेटलंच नाही." मी म्हटले, बाप्पा, लोकांना भेटले नाही ते आपल्या पोरीच्या फारमला कशाला?

त्याच कॉम्प्युटरवर आधीचा, रोजच्या वापराचा दुसरा ब्राउझर होता. त्यावरून सगळे पुन्हा भरले. रात्री अकरा वीसला अर्ज गेला आणि अर्जाचा क्रमांक पडद्यावर आला. बहीण तोवर दाराशी चपला हातात घेऊन उभी होती. का, ते तिलाच ठाऊक.

मग दुसरी एक गोष्ट आठवली. त्याआधी महिनाभर वस्तीतल्या एका मुलाने तिथूनच परीक्षेची फी भरली होती. बँकेच्या पानावर गेला, पैसे कापले गेले, आणि परत येताच पान म्हणाले, पुन्हा लॉगिन करा. पावती नाही. पैसे दहा दिवसांनी परत आले, पण ते दहा दिवस त्या घरात काय गेले असतील याची कल्पना करा. तेव्हा आम्ही सगळ्यांनी नेटवर्कला शिव्या दिल्या होत्या. दोन्ही वेळा दोष ब्राउझरचाच होता, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण हा ब्राउझर आहे तरी काय, ते मात्र मी मग नीट समजून घेतले.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पाने उघडून दाखवणारा प्रोग्राम. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावे. मोबाइलवर गोल रंगीत चिन्ह असते ते क्रोम. हे प्रोग्राम एकदा बनवून संपत नाहीत, कंपन्या त्यांत सतत बदल करत राहतात. क्रोमचा मोठा बदल आधी दर सहा आठवड्यांनी येत असे, २०२१ मध्ये तो चार आठवड्यांवर आणला गेला. प्रत्येक बदल लोकांपर्यंत येण्याआधी पायऱ्या चढतो. क्रोमची पहिली पायरी कॅनरी, मग डेव्ह, मग बीटा, आणि शेवटची स्टेबल, म्हणजे सर्वांसाठी पक्की केलेली. फायरफॉक्समध्ये पहिल्या पायरीचे नाव नाइटली, म्हणजे रोज रात्री तयार होणारी, त्यानंतर बीटा, मग पक्की. कॅनरी आणि नाइटली जवळजवळ रोज बदलतात. काल कुठल्याशा इंजिनिअरने जे लिहिले ते आज तुमच्या कॉम्प्युटरवर. ते चालते की मोडते, हे तुमच्या कॉम्प्युटरवरूनच त्यांना कळायचे असते.

आपण धानाच्या मुलखातले लोक आहोत. साकोलीला, तिकडे सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत. नवे वाण निघाले की आधी केंद्राच्या बांधीत, मग काही निवडक शेतकऱ्यांच्या बांधीत, आणि पुरता भरवसा आला की सगळ्यांना. चाचणीतले बी कोणी आपल्या एकुलत्या एक एकरात लावत नाही. गेले तर वर्षाचे खाणे जाते.

कॅनरी हे नावही पाहण्यासारखे आहे. कॅनरी ही एक पिवळी, लहानशी चिमणीएवढी पाखरे. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचे. त्याला रंग नाही, वास नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी घेऊन खाली उतरू लागले. माणसाला कळण्याआधी पाखरू गळून पडे, आणि लोक वर धावत. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने पाखरांच्या जागी यंत्रे आणायचे ठरवले. आमच्या तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मँगनीज निघते, पण चंद्रपूर-वणीकडे कोळशात काम केलेली माणसे आपल्या नात्यागोत्यात आहेत, त्यांना वायूची भीती सांगावी लागत नाही. तर ब्राउझरच्या पहिल्या पायरीला हेच नाव दिले आहे. कंपनीने काही लपवलेले नाही. पिंजऱ्यातले पाखरू कोण, ते नावातच सांगितले आहे. आपण नाव वाचले नाही.

बीटा हा शब्द मात्र लोकांना फसवा झाला. ग्रीक वर्णमालेतले ते दुसरे अक्षर, म्हणजे दुसऱ्या पायरीची चाचणी. पण जीमेल २००४ मध्ये निघाले ते २००९ पर्यंत, पाच वर्षांवर, बीटाच म्हणवत होते आणि जग त्यावर टपाल पाठवत होते. खुद्द क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये बीटा म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये पक्का ठरला. त्यामुळे बीटा म्हणजे नवे आणि चांगले, असा समज पसरला. आपल्या पोराचाही तोच समज होता. त्याला दोष कसा द्यावा?

घाईचा एक मोठा दाखला नेटस्केपचा आहे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाच्या काळात नेटस्केप हा जगातला मोठा ब्राउझर होता. मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा लागली. मोझिला नावाच्या प्रकल्पात नवा ब्राउझर घडत होता, तो पुरा झाला नव्हता. तरीही नोव्हेंबर २००० मध्ये त्या अर्ध्या कामावरच नेटस्केप ६ बाजारात आणला. मंद, अडखळणारा, मध्येच बंद पडणारा. लोक कंटाळून दुसरीकडे गेले. मोझिलाची पहिली पक्की आवृत्ती जून २००२ मध्ये आली, म्हणजे आणखी दीड वर्ष शिजायचे बाकी होते. एवढ्या मोठ्या कंपनीला कच्चा माल पचला नाही.

आता फीच्या गोष्टीकडे येतो, कारण पैशाचा मामला आहे. तुम्ही एखाद्या पानावर लॉगिन करता तेव्हा ते पान ब्राउझरजवळ एक चिठ्ठी देऊन ठेवते. तिला कुकी म्हणतात. दवाखान्यात केसपेपर असतो तसेच. पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि पान तुम्हाला ओळखते. फी भरताना तुम्ही फारमच्या पानावरून बँकेच्या पानावर जाता आणि परत येता. परत येताना चिठ्ठी दाखवली गेली नाही, तर पान म्हणते, तुम्ही कोण?

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमने या चिठ्ठ्यांचे नियम कडक करायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. एका जागेची चिठ्ठी दुसऱ्या जागेवरून वापरून लोकांना फसवता येऊ नये, हा. पण ज्या संकेतस्थळांनी आपली पाने सुधारली नव्हती त्यांच्या लॉगिनचा आणि पैसे भरण्याचा घोळ होण्याची भीती होती. चाचणीच्या आवृत्त्यांत हे नियम आधीच आले होते, म्हणजे त्या वापरणाऱ्यांना ठेच आधी लागणार. तेवढ्यात कोरोना आला. सगळे जग घरात बसून बँक, किराणा, दवाखाना, सरकारी कामे इंटरनेटवरून करू लागले. तेव्हा गूगलने ३ एप्रिल २०२० ला हा बदल चक्क मागे घेतला, आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू केला. त्याच गडबडीत क्रोमची ८२ क्रमांकाची आवृत्ती काढलीच नाही, ८१ नंतर एकदम ८३. अडचणीच्या काळात लोकांना नवे नको, भरवशाचे हवे, हे कंपनीलाही कळले होते. आपल्या घरात तर मुदतीचा प्रत्येक दिवस अडचणीचाच असतो.

आणि पक्क्या आवृत्तीतही चुका होतात, हे सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये क्रोम ७९ आले तेव्हा अँड्रॉइड मोबाइलवरच्या काही ॲपमधली साठवलेली माहिती दिसेनाशी झाली. निम्म्या मोबाइलपर्यंत पोचल्यावर कंपनीने वाटप थांबवले आणि दुरुस्ती केली. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यू नावाच्या भागाच्या चुकीने जगभर मोबाइलवरची ॲपे उघडताच बंद पडत होती, तीही लवकर दुरुस्त झाली. इतक्या चाळण्यांतून गेलेल्या धान्यात खडे निघतात, तर न चाळलेल्यात किती निघतील? फरक एवढाच की पक्क्या आवृत्तीत चूक निघाली तर बोंब होते आणि कंपनी धावते. कॅनरीवर तुमचा फारम बुडाला तर कोणी धावत नाही. तिथे मोडतोड होणार हे आधीच लिहून ठेवलेले असते.

आणखी एक अडचण त्या रात्री समोर आली. मी म्हटले, चला, हे काढून टाकू आणि साधे टाकू. पोरगा म्हणाला, मग पासवर्ड जातील. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. नवी आवृत्ती आपली माहिती नव्या पद्धतीने लिहून ठेवते, जुन्या आवृत्तीला ती वाचता येईलच असे नाही. क्रोममध्ये वरच्या पायरीवरून खाली उतरताना जुनी साठवण पुसावी लागू शकते. फायरफॉक्सने मे २०१९ च्या ६७ क्रमांकाच्या आवृत्तीपासून अशी पहारेदारीच बसवली की नव्याने लिहिलेली साठवण जुन्याने उघडू नये. म्हणून आधी सगळे पासवर्ड आणि खुणा वहीत उतरून घ्याव्या, मग काढावे. वही कपाटात ठेवावी, कॉम्प्युटरला चिकटवू नये. (आमच्या अभ्यासिकेत चिकटवलेली होती!)

शिवाय चाचणीच्या आवृत्त्या आपण काय वापरतो, कुठे बिघडते याची जास्त माहिती कंपनीकडे पाठवतात. फायरफॉक्स नाइटली हे आपोआप करते. चाचणी म्हटल्यावर ते रास्तच आहे. पण जिथे वीस घरांचे आधार आणि पासबुक उघडले जाते त्या कॉम्प्युटरवर ते हवे कशाला?

बीटाच्या नावाने चोरही फिरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता की चाचणीचे ॲप म्हणून लोकांना भलतेच ॲप टाकायला लावतात आणि पैसे लुबाडतात. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फाइल येते, 'नवीन वर्जन, लवकर टाका'. ती टाकू नका. ब्राउझर प्ले स्टोअरवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावा. फसलात आणि पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

हे सगळे ऐकून पोराने दुसऱ्या दिवशी उलटेच केले. त्याने पक्क्या ब्राउझरचे अपडेट बंद करून टाकले! म्हणाला, आता नवीन काहीच येऊ द्यायचे नाही. हेही चूक. पक्क्या आवृत्तीचे अपडेट घेतलेच पाहिजेत, त्यांत चोरांच्या वाटा बुजवलेल्या असतात. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था वेळोवेळी हेच सांगत असते. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांनी लक्षात घ्यावे की क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ पासून पुढची मिळत नाही. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार तर जून २०२२ मध्येच संपला. फार कच्चेही नको आणि शिळेही नको.

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे पाहणे सोपे आहे. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर किंवा तीन रेघांवर बोट ठेवा, मदत या भागात जा, तिथे 'विषयी' असे असते. त्यात बीटा, डेव्ह, कॅनरी, नाइटली किंवा डेव्हलपर असा शब्द दिसला तर ती चाचणीची आवृत्ती समजा. क्रोम कॅनरीचे चिन्ह रंगीत नसून पिवळे असते. मोबाइलवर पुष्कळांनी नकळत प्ले स्टोअरमध्ये बीटा चाचणीत नाव घातलेले असते. त्या ॲपच्या पानावर खाली गेले की तसे लिहिलेले दिसते आणि तिथूनच बाहेर पडता येते.

अर्ज भरणाऱ्या कॉम्प्युटरवर दोन पक्के ब्राउझर ठेवा, एक अडला तर दुसरा. प्रत्येक टप्प्यावर अर्जाचा क्रमांक वहीत लिहा आणि पडद्याचा फोटो घ्या. मुदत चुकली आणि कोणाकडे दाद मागायची वेळ आली तर तारीखवेळेसह तेवढाच पुरावा हाती असतो. फी कापली आणि पावती आली नाही तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका, आधी बँकेचा व्यवहार क्रमांक घेऊन विचारा.

त्या पोराबद्दल मात्र मला चार शब्द सांगायचे आहेत, कारण वस्तीत काही जण त्याच्यावर फार चिडले. त्याला अभ्यासिकेची किल्ली देऊ नका, इथपर्यंत बोलणे झाले. माझे मत वेगळे पडले. चाचणी करणारी माणसे लागतात, आणि ती सगळी अमेरिकेतली असतील तर आपल्या भाषेतल्या चुका कोण सांगणार? पोरगा चुकला तो जागेत. वस्तीच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर, वस्तीला न सांगता केले. आम्ही किल्ली त्याच्याकडेच ठेवली. फक्त ठरवले की अभ्यासिकेत पक्के ब्राउझर राहतील आणि चाचणी तो स्वतःच्या मोबाइलवर करील, ज्यावर त्याचे बँकेचे खाते नाही.

भाचीच्या शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता उशिरा का होईना, खात्यात आला. बहिणीने त्यातून आधी कॉलेजची उरलेली फी भरली.

आणि परवा तो पोरगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, हे पाहा ना जी." त्या चाचणीच्या ब्राउझरमध्ये 'भंडाऱ्याला' हा शब्द फुटून दिसत होता. मराठीत 'र'चे जे आडवे, पापणीसारखे चिन्ह लागते, जे हिंदीला लागत नाही, ते तुटून बाजूला पडले होते. त्याने पडद्याचा फोटो काढला आणि कंपनीला चूक कळवायचे इंग्रजी पत्र लिहायला बसला. दोन ओळी त्याने लिहिल्या, दोन मी सांगितल्या. व्याकरण भाचीने तपासले.